गोव्यात विज्ञानाचं व्याख्यान ऐकायला जायचंय? मग एवढं वाचून निघा

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जवळच ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय, झुआरी ओलांडली की बिट्स पिलानीचा परिसर आणि त्यापुढे वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. तासाभराच्या रस्त्यावर एवढ्या संशोधन संस्था एकत्र असणं हे आपलं भाग्य आहे. इथे वर्षभर व्याख्यानं होत असतात. त्यांतली बरीच सर्वांसाठी खुली असतात आणि बहुतेकांना प्रवेशशुल्क नसतं. तरीही सभागृहात पुन्हापुन्हा तेच ओळखीचे चेहरे दिसतात आणि मागच्या रांगा रिकाम्या राहतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आपल्याला त्यातलं काय कळणार?’

दहावीनंतर विज्ञानाशी संबंध सुटलेले, बदली होऊन गोव्यात आलेले, निवृत्तीनंतर संध्याकाळ मोकळी मिळालेले, मुलांना काहीतरी चांगलं ऐकवायचंय पण कुठून सुरुवात करायची ते ठाऊक नसलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझं सांगणं थोडक्यात असं: पहिलं व्याख्यान निवडताना तुमच्या हातापायांना माहीत असलेला विषय निवडा. समुद्र, पाऊस, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), कुळागर (सुपारी-नारळाची बाग), आजारपण, काहीही चालेल. आणि जाताना स्वतःच्या अनुभवातला एक प्रश्न सोबत न्या. शास्त्रज्ञाकडे वीस वर्षांची मोजमापं असतात, पण तुमच्या वाड्यावरच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होतं हे त्याला माहीत नसतं. सर्वसामान्य श्रोत्याला त्या सभागृहात जी जागा आहे ती या माहितीमुळे आहे.

आधी सूचना नीट वाचा

विज्ञानाचा कार्यक्रम म्हटला की तो आपल्यासाठीच असेल असं नाही. जाहीर व्याख्यान वेगळं आणि विभागातला सेमिनार वेगळा. जाहीर व्याख्यानात वक्ता गृहीत धरतो की समोरच्यांना विषय नवा आहे. सेमिनारमध्ये तो आपल्याच क्षेत्रातल्या लोकांशी बोलत असतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत तो थेट सूत्रांवर आणि उपकरणांवर येतो.

फरक सूचनेतच कळतो. वेळ सकाळी अकरा किंवा दुपारी साडेतीन, जागा विभागाची सेमिनार खोली आणि शीर्षक अडीच ओळींचं असेल, तर तो सेमिनार समजा. वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची, जागा मोठं सभागृह आणि खाली ‘सर्वांसाठी खुले’ असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त जा. ‘स्मृती व्याख्यान’ असं छापलेलं असेल तर थोडा धीर ठेवा. आधी दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि ज्यांच्या नावे व्याख्यान आहे त्यांच्या आठवणी होतात, मूळ विषय अर्ध्या तासाने सुरू होतो. पण अशा व्याख्यानांना वक्ते बहुधा मोठे येतात आणि ते आयुष्यभराच्या कामाकडे मागे वळून बघत बोलतात. नवख्या श्रोत्याला ते सगळ्यात जास्त मानवतं.

सेमिनारला जाऊच नये असं मात्र नाही. चार-पाच जाहीर व्याख्यानं ऐकून झाली, एखाद्या विषयाची गोडी लागली, की आयोजकांना दोन ओळींचा ईमेल करा: मी अमुक, या विषयात रस आहे, मागे बसून ऐकलं तर चालेल का? गोव्यात अशा विनंतीला सहसा नकार येत नाही.

कुठे काय ऐकायला मिळतं

मुलं सोबत असतील तर मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रापासून सुरुवात करा. २००१ पासून ते सुरू आहे. समुद्राच्या काठावर आहे, हात लावून बघायची उपकरणं आहेत, तारांगण आहे. दहा वर्षांखालच्या मुलाला तासभर व्याख्यानात बसवणं हा त्याच्यावर आणि शेजारच्या श्रोत्यांवरही अन्याय आहे. त्याला इथे आणा. सातवी-आठवीनंतर व्याख्यानाला न्या.

समुद्रविज्ञान संस्थेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते गोव्यातल्या नव्या श्रोत्याचं पहिलं दार तेच असावं. साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली, त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था उभी राहिली. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे प्रवाह दिशा का बदलतात, मांडवी-झुआरीच्या मुखात गाळ कसा साचतो, समुद्राच्या तळाशी खनिजं कुठे आहेत, बुडालेली जहाजं आणि बंदरं काय सांगतात, असे एकाहून एक विषय इथे हाताळले जातात. यातला एकही विषय गोव्याच्या माणसाला परका नाही. संस्थेच्या खुल्या दिवशी प्रयोगशाळाही बघायला मिळतात. आदल्या दिवशी व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा असा योग जुळत असेल तर दोन्हीकडे जा.

सड्यावरचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं, पण गोव्याचं अंटार्क्टिकाशी नातं त्याआधीचं आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासीम त्याआधी समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. आज अंटार्क्टिकावर आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन केंद्रं आहेत आणि आर्क्टिकमध्ये ‘हिमाद्री’. त्या सगळ्यांची सूत्रं या सड्यावरून हलतात. इथल्या व्याख्यानांत बर्फात वर्षभर राहून आलेली माणसं बोलतात. लहानथोर सगळ्यांना खिळवून ठेवणारे विषय असतात ते.

गोवा विद्यापीठ १९८५ पासून आहे. तिथे नामवंतांच्या नावांनी अध्यासनं आहेत आणि बाहेरून आलेले प्राध्यापक त्या निमित्ताने जी व्याख्यानमाला देतात ती अनेकदा बाहेरच्यांनाही खुली असते. सलग चार-पाच दिवस एकाच विषयावर ऐकायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

कला अकादमीत कला आणि संस्कृती संचालनालय डी. डी. कोसंबी विचार महोत्सव भरवतं. तो केवळ विज्ञानाचा नव्हे. लेखक, कलावंत, समाजसेवक, खेळाडू यांच्या बरोबरीने एखादा शास्त्रज्ञ असतो. पण ज्यांच्या नावे तो भरतो ते दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. १९०७ साली गोव्यातल्या कोसबे गावी त्यांचा जन्म झाला. जुनी चांदीची नाणी त्यांनी हजारोंनी अचूक तोलली आणि वापराने नाणं किती झिजतं यावरून ती कोणत्या क्रमाने चलनात आली हे संख्याशास्त्राने दाखवून दिलं. जनुकांमधलं अंतर मोजण्याचं त्यांचं सूत्र आजही जनुकशास्त्रात त्यांच्याच नावाने वापरलं जातं. एका माणसात गणित, इतिहास आणि जनुकशास्त्र एकत्र येतात हे समजलं की ‘माझा विषय नाही’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळते.

आकाशात रस असेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था शोधा. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर त्यांनी लोकांसाठी वर्षानुवर्षं दुर्बिणी लावल्या. ती इमारत आता जुनी झाली आहे, म्हणून निघण्याआधी कार्यक्रम कुठे आहे ते विचारून घ्या. चंद्र बघायचा असेल तर पौर्णिमेला जाऊ नका. सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास जा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, आत काळ्याभोर सावल्या पडलेल्या असतात. मुलांनी एकदा ते बघितलं की दुर्बिणीसमोरून हलत नाहीत.

याखेरीज दोना पावलाचं इंटरनॅशनल सेंटर, पणजीची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा, मडगावचं गोमंत विद्या निकेतन, पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा, ठिकठिकाणची रवींद्र भवनं, विज्ञान परिषदेचे कार्यक्रम आणि विज्ञान चित्रपट महोत्सव, जुन्या गोव्याजवळ एला येथील किनारी कृषी संशोधन संस्था इकडेही लक्ष ठेवा. शेतकरी असाल तर शेवटचं नाव पहिलं धरा.

पणजीत थोडा वेळ हाताशी असेल तर जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा बघून या. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने १८१३ मध्ये पॅरिसला संमोहनावर जाहीर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलाही चुंबकी द्रव बाहेर पडत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, असं ते लोकांसमोर प्रयोग करून सांगत. जाहीर विज्ञान व्याख्यानाची ही परंपरा गोव्याच्या माणसाने इतक्या लांब नेऊन पोचवली होती.

वर्षाचं गणित

सगळ्यात मोठा हंगाम फेब्रुवारीचा शेवट. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक संस्थेत काही ना काही असतं. एकाच संध्याकाळी तीन कार्यक्रम येतात, तेव्हा आधीच ठरवून ठेवा. जूनमध्ये ५ तारखेला पर्यावरण दिन आणि ८ तारखेला जागतिक महासागर दिन, २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, २६ सप्टेंबरला सीएसआयआरचा (समुद्रविज्ञान संस्था जिच्या छत्राखाली येते त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा) स्थापना दिवस, ऑक्टोबरच्या ४ ते १० तारखांना अंतराळ सप्ताह, २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीचा गणित दिन. या तारखांच्या आधी दहा दिवस चौकशी सुरू करा.

चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात कुठलंच व्याख्यान नसतं, ते बघायलाही नको. मे महिना सुट्टीचा, संस्थांमध्ये सामसूम. नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत कार्यक्रम असेल तर गाडी लावायला जागा मिळणार नाही. पावसाळ्यात आकाशदर्शन होत नाही, पण बंद सभागृहातली व्याख्यानं होतात आणि तेव्हा गर्दी कमी असते. वक्त्याशी बोलायला निवांत वेळ मिळतो. मासेमारी बंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दिवस तर समुद्रावरच्या व्याख्यानासाठी उत्तम, कारण ज्यांचा समुद्राशी रोजचा संबंध आहे ती माणसं तेव्हा घरी असतात. आयोजकांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

कार्यक्रम कळण्याचे मार्ग साधे आहेत. संस्थेचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा बघा. मराठी वर्तमानपत्रांतलं कार्यक्रमांचं सदर वाचा. आणि एका कार्यक्रमाला गेलात की दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, फोन आणि ईमेल स्वच्छ अक्षरात लिहा. पुढची निमंत्रणं त्या वहीवरूनच निघतात.

आदल्या रात्रीचा अर्धा तास

व्याख्यान डोक्यावरून जातं ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. दोन-तीन शब्द पहिल्यांदाच कानावर पडतात, त्यांचा अर्थ लावण्यात मन अडकतं आणि वक्ता पुढे निघून जातो. यावर उपाय आदल्या रात्री करायचा. सूचनेसोबत गोषवारा दिलेला असतो, तो वाचा आणि न कळलेले तीन शब्द वेगळे काढा. तीनच. मग ते मराठी विश्वकोशात शोधा. विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. नोंदी थोड्या जड भाषेत असल्या तरी भरवशाच्या आहेत. इंग्रजी व्याख्यानाला जातानाही मराठी नोंद वाचून जा. कल्पना आपल्या भाषेत पक्की झालेली असली की इंग्रजी शब्द आपोआप तिला येऊन चिकटतो.

मग वक्त्याचं नाव शोधा. तो कुठल्या संस्थेत आहे, काय अभ्यासतो, एवढं पुरे. विज्ञानाच्या नावाखाली काही विकणारी व्याख्यानंही असतात. पाण्याची यंत्रं, ऊर्जेची लॉकेट, सगळ्या रोगांवर एकच चूर्ण. वक्त्याच्या नावावर कुठेही काम सापडत नसेल, सूचनेत संस्थेचा पत्ता नसेल, किंवा शेवटी प्रश्नांना वेळ न ठेवता नोंदणीचे अर्ज वाटले जात असतील, तर उठून बाहेर या. खऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानात प्रश्नोत्तरं असतात आणि वक्ता निदान एकदा तरी ‘हे आम्हाला अजून माहीत नाही’ असं म्हणतो.

शेवटी वहीच्या पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा. व्याख्यान ऐकण्याआधी. ऐकता ऐकता तो बदलेल, कदाचित त्याचं उत्तरच मिळून जाईल. पण प्रश्न घेऊन बसलेला माणूस अधिक सावधपणे ऐकतो.

निघताना

ओळखपत्र बरोबर हवंच. केंद्र सरकारच्या संस्थांच्या फाटकावर नाव लिहून घेतात, आधार किंवा दुसरं छायाचित्राचं ओळखपत्र मागतात. सड्यावर जायचं तर वेळ हातचा राखून निघा. पणजीहून वास्कोला कदंबाची (सरकारी बससेवेची) शटल मिळते, तिथून पुढे रिक्षा किंवा पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. दोना पावलाला पणजीहून बस आहे. अडचण जाताना येत नाही, परतताना येते. साडेसातला व्याख्यान संपलं, चहा झाला, गप्पा झाल्या आणि काणकोणची, केप्याची किंवा सत्तरीची बस चुकली की रात्र अवघड होते. शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. आयोजकांना सांगितलं तर तुमच्या दिशेने जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत सोय होते. मागायला संकोच करू नका.

सभागृहात तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध बसा. नवखे लोक मागे बसतात आणि मग पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून कंटाळतात. विज्ञानाच्या व्याख्यानात अर्धं सांगणं त्या बारीक अक्षरांतच असतं.

पडद्यावरचा आलेख कसा वाचायचा

इथे थोडं थांबू या, कारण नव्या श्रोत्यांची गाडी नेमकी इथे अडते. आलेख आला की नजर थेट रेषेकडे जाते. तसं करू नका. आधी आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा, मग उभ्या अक्षावर, मग एकक आणि सर्वांत शेवटी रेषा.

समुद्रविज्ञानातलाच एक आलेख घेऊ. अरबी समुद्रातल्या ऑक्सिजनवर व्याख्यान असेल तर हे चित्र हमखास येतं. आडव्या अक्षावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, डावीकडे शून्य, उजवीकडे जास्त. उभ्या अक्षावर खोली. पण इथे शून्य सगळ्यात वर असतं आणि आकडे खाली खाली वाढत जातात. शाळेतल्या आलेखाच्या उलट. समुद्राचा पृष्ठभाग वर असतो म्हणून तो कागदावरही वर. एवढं एक कळलं की समुद्रविज्ञानातले निम्मे आलेख उलगडतात.

आता रेषा बघा. पृष्ठभागापाशी ती उजवीकडे आहे, म्हणजे तिथे ऑक्सिजन भरपूर. शंभर-दीडशे मीटरच्या आसपास ती झपकन डावीकडे वळते आणि शून्याच्या भिंतीला चिकटून जवळजवळ हजार मीटरपर्यंत खाली उतरते. त्याखाली हळूहळू पुन्हा उजवीकडे सरकते. सांगणं काय? अरबी समुद्राच्या मधल्या थरात ऑक्सिजन जवळपास नाही. वर वाढणारे सूक्ष्मजीव मरून खाली पडतात, त्यांना कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि उत्तरेकडून आशिया खंडाने वाट अडवलेली असल्यामुळे त्या थरात ताजं पाणी येणं मंदावतं.

इथवर कळलं की पुढची कडी आपल्या अंगणातली आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं आणि किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात शिरतं. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याचा हलका थर पसरलेला असतो, तो हवेतला ऑक्सिजन खाली मिसळू देत नाही. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ही स्थिती सगळ्यात बिकट असते. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी यावर जगात नावाजलेलं काम केलं आहे. इतक्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यात मासळी टिकत नाही. आलेखातली भिंतीला चिकटलेली ती रेषा आणि बाजारातली मासळी यांचा असा संबंध आहे. व्याख्यानात तो सांगितला नाही तर विचारा.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. रंगीत नकाशा असेल तर कडेची रंगपट्टी आधी बघा. लाल म्हणजे उष्ण असं नेहमी नसतं, बऱ्याचदा लाल म्हणजे ‘सरासरीपेक्षा उष्ण’ असा अर्थ असतो. अंटार्क्टिकाच्या नकाशावर लाल पट्टा दिसला म्हणून तिथे ऊन पडलंय असं नव्हे. आणि बर्फाच्या गाभ्यावर (जुन्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दांड्यावर) व्याख्यान असेल तर काळाचा अक्ष तपासा. ‘इतक्या वर्षांपूर्वी’ असं जे लिहिलेलं असतं ते शास्त्रज्ञांच्या रिवाजाप्रमाणे बहुतेक वेळा १९५० सालापासून मागे मोजलेलं असतं, आणि कधी वर्तमानकाळ डावीकडे असतो, कधी उजवीकडे.

बिंदूंवर छोट्या उभ्या रेघा दिसल्या तर त्या अनिश्चितता दाखवतात. रेघा लांब असतील तर शास्त्रज्ञ स्वतःच सांगतोय की इथे मी तितका ठाम नाही. याबद्दलचा प्रश्न वक्त्यांना फार आवडतो.

प्रश्न विचारा, आणि मराठीत विचारा

व्याख्यान बहुधा इंग्रजीत असतं. प्रश्नही इंग्रजीतच हवा असा नियम कुठेही नाही. हात वर करा, उभे राहा, ‘मराठीत विचारू का?’ एवढं म्हणा. वक्ता बंगाल किंवा केरळचा असला तरी सभागृहात भाषांतर करून सांगणारा कोणीतरी असतोच आणि आयोजक आनंदाने ते करतात. कोकणीतही तसंच. आपल्या भाषेत प्रश्न आला की मागच्या रांगेतले आणखी दोन हात वर होतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

प्रश्न एकच असावा आणि अर्ध्या मिनिटात संपावा. आधी काय पाहिलं ते सांगा, मग काय जाणून घ्यायचंय ते. उदाहरणार्थ: ‘आमच्या खाजनाचा बांध मागे फुटला होता. बांध दुरुस्त केला, दोन पावसाळे झाले, तरी एका कोपऱ्यात भात उगवत नाही. मीठ धुऊन जायला किती पाऊस लागतो?’ या प्रश्नात जागा आहे, काळ आहे, निरीक्षण आहे. शास्त्रज्ञ उत्तर देतोच आणि वर तुम्हालाच चार प्रश्न विचारतो. याउलट ‘हवामानबदलाबद्दल आपलं मत काय?’ असं विचारलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. आणि माइक हातात घेऊन स्वतःचंच भाषण करणाऱ्यांपासून आयोजकांनी इतरांना वाचवलं पाहिजे. पाच मिनिटं एकट्याने खाल्ली की पाच जणांचे प्रश्न राहतात.

उभं राहून बोलायला धजत नसाल तर कागदावर लिहून स्वयंसेवकाकडे द्या. तेही नको असेल तर चहाच्या वेळी गाठा. वक्त्याभोवती गर्दी असेल तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोला. बोटीवर जाऊन पाण्याचे नमुने प्रत्यक्ष तेच काढतात, त्यांच्याकडे वेळही असतो आणि सांगण्याची हौसही.

घरी आल्यावर

त्याच रात्री पाच ओळी लिहा: काय नवीन कळलं, काय कळलं नाही, कुठला आलेख लक्षात राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना घरच्यांना सांगून बघा. सांगताना जिथे अडखळाल तिथे तुम्हाला कळलेलं नाही, तो शब्द पुन्हा विश्वकोशात बघा. वक्त्याला आभाराचा ईमेल पाठवून स्लाइड्स मागितल्या तर अनेकजण देतात.

एकाच विषयावरची दोन-तीन व्याख्यानं लागोपाठ ऐका. पहिल्या व्याख्यानात शब्द ओळखीचे होतात, दुसऱ्यात विषय कळतो, तिसऱ्यात शास्त्रज्ञांचे आपसांतले मतभेद दिसायला लागतात.

मग वक्त्याला गावात बोलवा

वर्षभर ऐकून झालं की हे करून बघा. गावचं वाचनालय, शाळा, महिला मंडळ, देवळाचं सभागृह, काहीही चालेल. संस्थेच्या संचालकांच्या नावे पत्र लिहा. त्यात ‘विज्ञानावर बोला’ असं लिहू नका. गावाचा प्रश्न लिहा: विहिरी मचूळ होताहेत, सुपारी गळतेय, नदीचा काठ ढासळतोय. श्रोते कोण असतील, किती असतील, व्याख्यान मराठीत किंवा कोकणीत हवंय हेही कळवा. महिनाभर आधी पत्र गेलं पाहिजे. येण्याजाण्याची सोय तुम्ही करा, प्रोजेक्टर आदल्या दिवशी लावून बघा आणि खिडक्यांना पडदे आहेत की नाहीत ते तपासा. संध्याकाळच्या उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही.

व्याख्यान साडेपाचला असेल तर वक्त्याला चारला बोलवा आणि आधी जागेवर नेऊन आणा. बांधावर, मानशीपाशी (खाजनात पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दारापाशी), विहिरीवर, जिथला प्रश्न असेल तिथे. भरती-ओहोटी बघून जो माणूस ती मानस उघडतो आणि बंद करतो त्याला या फेरीत सोबत घ्या, आणि व्याख्यानाच्या वेळी त्याची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवा.